डालगं कुणी उचललं?

"अक्का, डालगं कुणी उचललं?"

दीपमालेनं स्वयंपाकघराच्या दारातून हे विचारलं, तेव्हा चंद्रभागा परसाच्या मधोमध उभी होती. एका हातात थरथरणारं पिल्लू, दुसऱ्या हातात खराटा, लुगड्याच्या पदरावर लालभडक डाग... आणि पायाशी सहा पिल्लं मान टाकून पडलेली! जुन्या कोंबड्या शेवग्याच्या बुंध्याशी पांगल्या होत्या, आणि त्यांच्यातली सगळ्यांत थोराड, जिला घरात पाटलीण म्हणत, ती तर काही घडलंच नाही अशा थाटात मातीला चोच पुसत होती. पिल्लांवर पालथं घातलेलं बांबूचं मोठं डालगं कलंडलं होतं, आणि त्यावर वजनाला ठेवलेली फुटक्या जात्याची जड दगडी तळी दोन हात लांब पडली होती.

चंद्रभागा दुसरीकडेच पाहत होती. कारण दारातून दीपमालेला जे दिसत नव्हतं ते तिला दिसत होतं. पाण्याच्या टाकीआड सात वर्षांची निकिता उभी होती, ओठ घट्ट मिटून, डोळे विस्फारून, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं कुंकवानं माखलेली होती.

आता हे घर कसं, ते आधी सांगायला हवं; नाहीतर ऐकणारा म्हणेल, सहा पिल्लं मेली त्याचं एवढं काय? मखमलाबादच्या शिवारात शेखरचा फुलांचा नि भाजीचा मळा होता आणि मळ्यातच घर. चंद्रभागा त्याची थोरली बहीण. लग्न होऊन सायखेड्याला गेली आणि तेविसाव्या वर्षी रिकाम्या कपाळानं, रिकाम्या ओटीनं माहेरी परत आली, तेव्हा हा शेखर शाळेत जात होता. त्याला तिनं वाढवलं. त्याचं लग्न लावलं. सिंहस्थाच्या साली निकिता झाली, आणि पोर दीड वर्षाची असताना तिची आई काविळीनं गेली. मग त्या पोरीलाही आत्यानंच वाढवलं. स्वतःला कधी पान्हा फुटला नाही, पण वात्सल्याला पान्हा लागतो थोडाच! पोर रात्री कूस बदलायची तेव्हासुद्धा हिच्या लुगड्याचं टोक मुठीत धरून बदलायची.

तरी पाच वर्षांनी शेखरच्या मागे दुसऱ्या लग्नासाठी लागली ती चंद्रभागाच. घराला घरधनीण हवी, पोरीला आई हवी, असं म्हणत तिनंच सटाण्याचं स्थळ पाहिलं, तिनंच होकार कळवला. आणि नवी नवरी उंबऱ्यात उभी राहिली त्या क्षणी तिच्याच मनात पाल चुकचुकली. ही पोरीला बघेल का? सावत्र ती सावत्र...

त्या दिवशी ओवाळायला, कुंकू लावायला शेजारची सखुबाई पुढे झाली होती. चंद्रभागा रिवाजाप्रमाणे आतल्या दाराआड उभी राहिली. निकितानं तिचा पदर ओढून विचारलं होतं, सखुमावशी नव्या आईला कुंकू का लावते? आत्या म्हणाली होती, "कुंकू लावलं की परकं माणूस आपलं होतं, बाई. मग त्याला घरातून कुणी काढत नाय." पोरीनं पुढं विचारलं, मग तुला का नाही लावत? त्यावर चंद्रभागेनं तिला कडेवर उचललं आणि विषय बदलला.

तेव्हापासून सहा महिने ती दीपमालेवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होती. दीपमाला पोरीची वेणी घालायला बसली की ही दाराशी गहू निवडायला यायची, केस ओढते का बघायला. पोरीच्या ताटात तूप कितपत पडतं हे ही दुरून हेरायची. तोंडानं वाकडा शब्द नाही हो! अगदी गोड बोलायची. पण नजर काय बोलते ते नजरेला कळतं, आणि दीपमाला काही खुळी नव्हती. घरातली भांडी पहिलीच्या नावाची, कपाट पहिलीचं, पोर आत्याची, कोंबड्या आत्याच्या. त्या घरात दीपमालेचा स्वतःचा असा एक चमचासुद्धा नव्हता. पोर तिला अजून "आई" म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती, नुसतं "ऐका ना" म्हणायची.

म्हणून दिवाळीनंतर दीपमालेचे वडील खंडेराव सटाण्याहून एसटीनं आले, आणि मांडीवर जपून आणलेल्या खोक्यातून त्यांनी अकरा पिल्लं जमिनीवर सोडली, तेव्हा ती बाई लहान मुलीसारखी हरखली. मशीनवर उबवलेली, सुधारित जातीची, महिन्याभराची पिल्लं! आई कशी असते ते त्यांना ठाऊक नव्हतं. निकितानं एकेक पिल्लू गालाला लावून पाहिलं आणि आजोबांना विचारलं, यांची आई कुठाय? दीपमाला म्हणाली, "मीच आहे." पोर तिच्याकडे बघतच राहिली.

पण चंद्रभागेच्या कोंबड्या जुन्या, परसातल्या मालकिणी. त्यांच्यात नवं पिल्लू आणून एकदम सोडलं तर त्या टोचून जीव घेतात. तिच्या आईची एक रीत होती. नव्या पिल्लांना त्याच परसात डालग्याखाली ठेवायचं, म्हणजे जुन्यांना ती दिसतात, त्यांचा आवाज कानांवर पडतो, पण चोच पोचत नाही. असे तीनचार आठवडे काढायचे. मग चुलीतली गार राख घ्यायची, जुन्या-नव्या सगळ्यांच्या पंखांत चोळायची, सगळ्यांचा रंग नि वास एकच झाला की दिवेलागणीला सगळ्यांना एकत्र खुराड्यात घालायचं. सकाळी उठून कोण जुनं नि कोण नवं हे कोंबड्यांनाही सांगता येत नाही, असं आई म्हणायची. हे सारं चंद्रभागेनं दीपमालेला समजावून सांगितलं.

दीपमालेनं मान डोलावली, पण मनात धरलं वेगळंच. तीन आठवडे झाले, चौथा लागला, तरी हिचं आपलं, "अजून थांब." माझी पिल्लं कायमची टोपलीखालीच ठेवायचीत का यांना? त्यात एकदा सखुबाईशी बोलताना चंद्रभागेच्या तोंडून निघून गेलं, की ही मशीनची पिल्लं आमच्यात नांदतील असं दिसत नाय. दीपमाला भिंतीपलीकडे भांडी घासत होती. तिच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. पिल्लांबद्दल बोलणं चाललंय का माझ्याबद्दल? संशयाला औषध नसतं म्हणतात ते उगाच नाही.

आणि मग तो डिसेंबरातला रविवार उजाडला. शेखर फुलं घेऊन पहाटेच बाजारात गेलेला, चंद्रभागा मेथी काढायला वाफ्यात, दीपमाला चुलीपाशी. कोंबड्यांचा कालवा ऐकून चंद्रभागा धावत आली आणि खराट्यानं त्यांना हाकलू लागली. सहा पिल्लं गेली होती. जिवंत पाचांना तिनं एकेक करून पदराखाली घेतलं, तेव्हा तिला दिसलं... प्रत्येकाच्या डोक्यावर कुंकवाचा टिळा!

क्षणात सारं तिच्या ध्यानात आलं. लाल दिसलं की कोंबडी टोचते, रक्त दिसलं की सगळा कळप टोचतो. पोरीनं पिल्लांना घरात घेण्यासाठी देवघरातला करंडा आणला होता, अकराच्या अकरा डोक्यांवर कुंकू लावलं होतं, आणि मोठ्या विश्वासानं त्यांना जुन्या कोंबड्यांत सोडलं होतं. कुंकू लावलं की परकं आपलं होतं. आत्यानंच शिकवलं होतं ना? तिचीच जीभ!

तिनं घाईघाईनं पाचही पिल्लांची डोकी पदरानं पुसली. दीपमाला दारात आली ती नेमकी त्याच वेळी.

"अक्का, मी काय विचारते? डालगं कुणी उचललं?"

जमिनीवर तळी घसरत गेल्याची लांबलचक खूण उमटली होती. मोठ्या माणसानं तळी उचलून बाजूला ठेवली असती. ही खाली लोटून मग दोन्ही हातांनी रेटत रेटत नेलेली होती, आणि हे दीपमालेच्या ध्यानात यायला वेळ लागला नसता. चंद्रभागेनं हळूच पाय फिरवून ती खूण पुसून टाकली. नेमकं तेवढं दीपमालेनं पाहिलं.

मग तर प्रत्येक गोष्ट संशयावर संशय चढवीत गेली. चंद्रभागेनं मेलेल्या पिल्लांना कुणाला हात लावू दिला नाही. शेवग्याखाली खड्डा घेऊन घाईनं पुरून टाकलं. निकिताचा हात धरून टाकीपाशी नेला, बोटं चोळून चोळून धुतली आणि कानात सांगितलं, काही बोलायचं नाय, माझी शपथ आहे. दीपमाला पायरीवर बसून राहिली होती. तिच्या तोंडून तिच्या माहेरची बोली निघाली, "मना बापनी आनेल शेतस वं ती..." माझ्या बापानं आणली होती गं ती, एवढंच पुन्हा पुन्हा. सांगून टाकावं असं चंद्रभागेच्या ओठांपर्यंत आलं. पण लगेच मनानं दुसरं चित्र उभं केलं. हीच बाई उद्या पोरीला वेणी घालायला बसेल आणि हिच्या बोटांत ही सहा पिल्लं असतील. हिच्या मनात एकदा आकस शिरला की जन्मभर निघायचा नाही... पोर आईविना वाढली ती वाढली, आता वैरिणीच्या हाताखाली नको.

दुपारी शेखर आला. त्यानं बायकोचं ऐकलं, बहिणीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बहिणीला असा प्रश्न विचारला.

"अक्का, तू केलंस?"

दाराच्या चौकटीला धरून निकिता उभी होती.

"हां, मीच केलं," चंद्रभागा म्हणाली. "मला नको होती ती पिल्लं."

शेखरला वाटलं होतं ती नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर त्यानं साऱ्या जगाशी भांडण केलं असतं. तो उठला आणि जेवणाचं ताट तसंच टाकून मळ्यात निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागेनं दोन लुगडी पिशवीत भरली आणि सायखेड्याची एसटी धरली. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं, पण थांब असंही कुणी म्हणालं नाही. निकिता शाळेत गेल्यावरच ती निघाली. पोरीच्या डोळ्यांसमोरून निघणं तिला झेपलं नसतं.

सायखेड्यात तिच्या नवऱ्याचा पुतण्या गोरक्ष राहायचा. भला माणूस. त्यानं कांद्याच्या चाळीलगतची खोली झाडून दिली आणि कारण विचारलं नाही. चंद्रभागा सकाळी गोदावरीच्या घाटावर धुणं घेऊन जायची, दिवसभर त्याच्या बायकोला हातभार लावायची, आणि संध्याकाळ झाली की तिचं मन मखमलाबादच्या परसात जाऊन बसायचं. पोर जेवली असेल का? कुणाच्या लुगड्याचं टोक धरून झोपत असेल? पण लगेच ती स्वतःला समजवायची, की माझ्यावर आळ आला तर आला, पोर तर सुखात आहे ना. त्या एका विचाराच्या उबेवर तिनं पाच आठवडे काढले. पदरावरचा तो डाग काही केल्या निघेना. रक्त असतं तर काळपट पडलं असतं. हे कुंकू होतं, फिकं झालं पण लालच राहिलं.

म्हणतात ना, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चढल्यावर ती चाळीपुढं कांदे निवडत होती. फाट्याकडून एक काळ्या साडीतली बाई चालत येताना दिसली, हाताशी एक मुलगी. मुलीनं हात सोडवला आणि ती धावत सुटली, आणि येऊन जी बिलगली ती मान वर करेना. चंद्रभागेनं पोरीला छातीशी धरलं, पण तिची नजर दीपमालेवर होती. ही कशाला आली? पोरीला घेऊन का आली? पोर नकोशी झाली म्हणून सोडायला तर आली नाही? पाच आठवड्यांत तो एक किडा काही मेला नव्हता.

दीपमाला समोर येऊन मातीतच बसली. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. काल घरी हळदीकुंकू होतं, तिची लग्नानंतरची पहिली संक्रांत, हे तिनं शांतपणे सांगितलं. पोरीला नवा परकर नेसवला, वेणी घातली, आणि कपाळाला कुंकू लावायला बोट पुढं केलं, तर पोर किंचाळून मागं सरली.

"काय म्हणाली ठाऊक आहे, अक्का? 'नको, मला टोचतील' म्हणाली."

चंद्रभागेनं पोरीची हनुवटी वर करून तिचं कोरं कपाळ पाहिलं.

पाच आठवडे ती शाळेतही बिनकुंकवाची जात होती, "माझं मी लावते" म्हणत पळायची आणि लावायचीच नाही, हे दीपमालेला कालच कळलं. चार बायका ओटीवर बसलेल्या असताना तिनं पोरीला आतल्या खोलीत नेलं, मांडीवर घेतलं, आणि पोरीनं हुंदके देत देत सगळं सांगितलं. कुंकू, डालगं, लोटलेली तळी, आत्यानं घातलेली शपथ. शपथ मोडली म्हणून आता आत्या मरेल, या भीतीनं ती रात्रभर झोपली नव्हती. म्हणून पहिल्या गाडीनं दोघी आल्या होत्या, आत्या जिवंत आहे हे दाखवायला.

"दीपमाला, पोरीला बोलू नको गं," चंद्रभागा घाबरीघुबरी होऊन म्हणाली. "लहान हाय ती. चूक माझी, मीच तसं शिकवलं होतं..."

तेव्हा मात्र दीपमालेचा बांध फुटला.

"बघा! अजूनही तेच!" ती म्हणाली आणि तिचे अश्रू घळाघळा वाहू लागले. "मी पोरीला काय केलं असतं, अक्का? मारलं असतं? उपाशी ठेवलं असतं? सहा महिने तुम्ही माझं प्रत्येक ताट तपासलंत, मी एक शब्द बोलले नाही. म्हटलं, आज ना उद्या यांचा विश्वास बसेल. आणि तुम्ही... तुम्ही स्वतःवर आळ घेतलात, घर सोडलंत, पण मला खरं सांगितलं नाहीत. माझ्यापासून वाचवलंत तिला. मी एवढी वाईट वाटले तुम्हाला?"

पाच आठवडे ज्याला चंद्रभागा आपला त्याग म्हणून उराशी धरून बसली होती, त्याच्या मुळाशी हे होतं तर! पाटलीण निदान उजेडात टोचत होती. हिनं गोड बोलून, दाराआडून, रोज थोडं थोडं टोचलं होतं. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि वयानं, मानानं लहान असलेल्या त्या भावजयीच्या पायांकडे वाकली. दीपमालेनं ते हात मध्येच धरले.

"चुकले गं माये," चंद्रभागा म्हणाली. "पोरीच्या मायेत आंधळी झाले."

"मी तरी कुठं शहाणी," दीपमाला डोळे पुसत म्हणाली. "डोळ्यांदेखत तुम्ही पाच पिल्लं वाचवलीत, अन् मला दिसले ते नुसते पदरावरचे डाग." मग म्हणाली, "ती पाच अजून वेगळीच कोंडलेली आहेत. मोठी झालीत, डालग्यात मावत नाहीत, खाटेला जाळी बांधून ठेवलीत. माझ्यानं त्यांना सोडवत नाही. ती राखेची रीत मला करून दाखवा. चला घरी."

त्या दिवशी संध्याकाळी तिघी मखमलाबादला उतरल्या तेव्हा शेखर मळ्याच्या बांधावर उभा होता. बहिणीला पाहून तो पुढं आला आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन घराकडे चालू लागला. त्याचे खांदे हलत होते. चंद्रभागेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो घर येईपर्यंत काढला नाही.

दिवेलागण होत आली होती. दीपमालेनं चुलीतली गार राख सुपात काढून आणली. एकेक कोंबडी धरायची, पंख उचलून राख चोळायची, सोडायची; पाटलीण दोघींना पुरून उरली, पण शेवटी तिलाही माखली. मग ती पाच. चंद्रभागा धरत होती, दीपमाला चोळत होती, आणि दोघींचे हात कोपरांपर्यंत करडे झाले होते. सगळ्या खुराड्यात शिरल्या. आत थोडी खळबळ झाली, पाटलीण एकदा गुरगुरली... दोघी श्वास रोखून दाराशी बसल्या. मग आतला आवाज हळूहळू निवत गेला आणि दीपमालेनं खुराड्याचं दार लावून घेतलं.

सुपात चिमूटभर राख उरली होती. निकिता कितीतरी वेळ त्या राखेकडे बघत बसली होती. तिनं बोट राखेत बुडवलं, आत्यापाशी आली, आणि ज्या कपाळाला चोवीस वर्षांत कुणी बोट लावलं नव्हतं त्या कपाळावर हलकेच एक टिळा लावला. चंद्रभागा हललीसुद्धा नाही. मग पोर दीपमालेकडे वळली आणि तिथं मात्र थबकली. तिथं कुंकू होतं. लावावं की लावू नये, तिला कळेना.

दीपमालेनं स्वतःच मान खाली केली. पोरीनं कुंकवाच्या जरा वर राखेचं बोट टेकवलं, मग स्वतःच्या कपाळाला लावलं, आणि दोघींकडे आळीपाळीनं नीट पाहून घेतलं.

"आता कोण नवं, कोण जुनं, कुणालाच कळायचं नाही," ती म्हणाली. "हो ना, आई?"

दीपमालेनं चटकन चंद्रभागेकडे पाहिलं. जुन्या सवयीनं, विचारून घ्यावं तसं. चंद्रभागेनं पदराचं ते लाल डाग पडलेलं टोक डोळ्यांना लावलं आणि हसून पोरीला तिच्याकडे ढकललं. "अगं, तुला विचारतेय ती," ती म्हणाली, "हो म्हण की."